गायतोंडेंच्या चित्रांतली माणसं कुठे गेली?

(आमच्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती गाळली आहे, बाकी बोलणं शक्यतो तसंच ठेवलं आहे.)



आजचा भाग करायचा की नाही यावर माझा बराच खल झाला. कारण उघड आहे. पॉडकास्ट ऐकायचा असतो आणि विषय आहे चित्रं. त्यातही अशी चित्रं, की ज्यांत काय आहे ते सांगताच येत नाही. हुसेनचं चित्र असेल तर मी म्हणेन, डाव्या बाजूला घोडा आहे, मान वळवून बघतोय. तुमच्या डोळ्यांपुढे काहीतरी येईल. पण वासुदेव गायतोंडेंच्या १९७५ च्या चित्राबद्दल मी काय सांगू? उभा कॅनव्हास आहे, एक रंग आहे, त्या रंगाच्या आतून दुसरा रंग येतोय, मध्ये कुठेतरी काही खुणा आहेत. झालं. एवढ्यावर तुम्ही पॉडकास्ट बंद करून गाणी लावाल.

तरीही करतोय, कारण गायतोंडेंचा विषय निघाला की दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, ‘यात कळण्यासारखं काय आहे?’ आणि दुसरं, ‘केवढ्याला गेलं माहितीये का?’ ही दोन्ही वाक्यं बाजूला ठेवून मला एक साधा प्रश्न विचारायचाय. हा माणूस सुरुवातीला माणसं, चेहरे, पक्षी काढत होता. चांगली काढत होता. मग ती गेली कुठे? एका दिवशी गेली का? कुणी सांगितलं म्हणून गेली का? याचं उत्तर इतिहासात बऱ्यापैकी सापडतं, आणि जे नेहमी सांगितलं जातं त्यापेक्षा ते वेगळं आहे.

थोडी पार्श्वभूमी. गायतोंडेंचा जन्म १९२४ चा, नागपूरचा. घराणं गोव्याचं. वाढले ते मुंबईत, गिरगावात, चाळीत. पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि १९४८ साली तिथून पदविका घेऊन बाहेर पडले. वर्षं नीट लक्षात घ्या. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे हे पहिले सहा. गायतोंडे त्या सहांत नव्हते, ते थोडे नंतर या मंडळींत आले. लोक त्यांना सरसकट ‘प्रोग्रेसिव्हवाले’ म्हणतात, पण मला वाटतं हे लेबल त्यांना नीट चिकटत नाही. सूझाची जाड काळी रेष बघा, अंगावर येते. हुसेनला गोष्ट सांगायची असते. या मंडळींना माणसाच्या आकृतीतून काहीतरी ठणकावून सांगायचं होतं. गायतोंडेंच्या सुरुवातीच्या आकृत्यांत हे ठणकावणं नाहीच. त्यांच्या बायका, त्यांची माणसं शांत असतात. सपाट रंगांवर बारीक रेषेनं काढलेली, मोठ्या डोळ्यांची. त्या आकृत्यांना आपल्याशी भांडायचं नाहीये.

ही शांत, सपाट आकृती आली कुठून? जे. जे. मध्ये तेव्हा दोन वाटा होत्या. एक युरोपीय अकॅडेमिक वाट. समोर मॉडेल बसवायचं, उजेड कुठून येतो ते बघायचं, छायाप्रकाशातून गोलाई आणायची. दुसरी वाट भारतीय चित्रकलेच्या वर्गाची. तिथे जगन्नाथ अहिवासी शिकवत. भित्तिचित्रं, लघुचित्रं, सपाट रंग, लयदार रेषा. गायतोंडे अहिवासींचे विद्यार्थी. त्यामुळे जैन पोथ्यांमधली चित्रं आणि बसोहलीची लघुचित्रं त्यांनी बारकाईनं पाहिली.

बसोहली म्हणजे जम्मूकडचं छोटं पहाडी संस्थान. तिथली सतराव्या-अठराव्या शतकातली चित्रं कधी बघायला मिळाली तर सोडू नका. झणझणीत पिवळा, तितकाच झणझणीत लाल, आणि नायिकेच्या दागिन्यातला पाचू दाखवायला चक्क एका भुंग्याच्या हिरव्या चमकत्या पंखांचे तुकडे चिकटवलेले! असो, विषय तो नाही.

विषय हा, की या लघुचित्रांकडे गायतोंडेंनी कसं पाहिलं. खूप पुढे, नव्वदच्या दशकात एका मुलाखतीत त्यांनी याबद्दल सांगितलं आहे. त्याचा आशय असा. आधी त्यांना या चित्रांमधले आकार आवडले. मग अभ्यास करता करता त्यांनी डोळ्यांपुढच्या चित्रातून आकृती काढून टाकायला सुरुवात केली. नायिका वजा. सखी वजा. महाल वजा. मग काय उरलं? एवढा पिवळा, त्याच्या शेजारी एवढा लाल, आणि कोपऱ्यात एवढासा काळा. म्हणजे रंगांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण. त्यांचं म्हणणं असं, की आकृती कधीकधी बांधून ठेवते, हालचाल अडवते. म्हणून त्यांनी आकृतीऐवजी नुसते रंगांचे पट्टे, ठिगळं घेऊन काम करून पाहिलं.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याला वाटतं की अमूर्त चित्रकला हे परदेशातून आलेलं पार्सल आहे. पॅरिसहून नाहीतर न्यूयॉर्कहून आलं आणि आपल्या लोकांनी सोडवून घेतलं. इथे उलटं दिसतंय. चित्रातून विषय काढून टाकायचा हा पहिला धडा गायतोंडेंनी राधा आणि नायिकांच्या चित्रांवर गिरवला. जे चित्र गोष्ट सांगण्यासाठीच काढलंय, त्यातली गोष्ट काढली तरी चित्र उभं राहतं, हे तिथे कळलं.

आता दुसरा टप्पा. पन्नासच्या दशकात मुंबईत परदेशी चित्रकलेची पुस्तकं आणि छापील प्रतिकृती बऱ्यापैकी फिरत होत्या. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईत आलेली काही मंडळी होती. रूडी फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर, श्लेसिंगर. हे लोक तरुण चित्रकारांना घरी बोलवत, पुस्तकं दाखवत, चित्रं विकत घेत. या सगळ्या वातावरणात गायतोंडेंच्या हाती लागला पॉल क्ले. स्विस-जर्मन चित्रकार, १९४० मध्ये वारलेला. क्लेची रेष म्हणजे फिरायला निघालेल्या माणसासारखी, कुठे पोचायची घाई नाही. त्याच्या चित्रांत मासा असतो, चंद्र असतो, अक्षरासारखं काहीतरी असतं, पण नक्की काय ते विचारू नये.

गायतोंडेंच्या या काळातल्या कामात तुम्हाला अजून वस्तू ओळखता येतात. पक्षी आहे, चेहरा आहे. पण त्यांच्यातलं मांस उडालंय. रेष आणि खाली पसरलेला रंग एवढंच उरलंय, आणि ती दोन्ही एकमेकांच्या ताब्यात नाहीत. रंग रेषेच्या बाहेर जातो, रेष रंगाला न विचारता पुढे जाते. लहान मुलाच्या चित्रकलेच्या वहीत आपण म्हणतो ना, ‘रंग बाहेर गेला बघ’, तर ते बाहेर जाणं इथे मुद्दाम आहे. आकृतीची सीमा सैल झाली की तिचं नाव पुसट व्हायला लागतं. १९५७ साली टोकियोत तरुण आशियाई चित्रकारांचं प्रदर्शन भरलं, तिथे त्यांना पारितोषिक मिळालं. तेव्हा ते तेहतिशीचे. याच वाटेनं आणखी वीस वर्षं सुखानं काम करता आलं असतं. विकलंही गेलं असतं.

आणि नेमकं इथे त्यांनी हत्यार बदललं.

हा माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

पन्नासचं दशक संपता संपता गायतोंडेंनी ब्रश जवळजवळ बाजूला ठेवला आणि रोलर व पॅलेट नाईफ हातात घेतले. रोलर म्हणजे छापखान्यात शाई पसरवायला असतो तसला. पॅलेट नाईफ म्हणजे गवंड्याच्या थापीची धाकटी बहीण समजा, पातळ लवचिक पातं. रोलरनं रंग पसरायचा, पात्यानं खरवडायचा. पुन्हा पसरायचा, वाळू द्यायचा, पुन्हा खरवडायचा. खालचा थर वरच्यातून दिसत राहतो.

आता विचार करा. ब्रशला टोक असतं. टोक टेकवलं की रेष येते. रेष वळली की कड तयार होते, आणि कड आली रे आली की आपला मेंदू लगेच नाव देतो. हा गाल, ही टेकडी, ही बोट. ब्रश हातात असेपर्यंत वस्तू परत येण्याची वाट उघडी असते. रोलरला टोकच नाही. रोलरनं नाक काढून दाखवा बरं! नाही काढता येत. म्हणजे गायतोंडेंनी ‘मी आता माणसं काढणार नाही’ अशी प्रतिज्ञा केली असं म्हणण्यापेक्षा, माणूस काढताच येणार नाही असं हत्यार त्यांनी उचललं. हे अनुमान माझं आहे, त्यांनी असं कुठे म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. पण आधीची आणि नंतरची चित्रं शेजारी ठेवली की दुसरं काही सुचत नाही.

हे घडत होतं तेव्हा ते भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करत होते. मुंबईकरांना वॉर्डन रोड माहीत आहे. समुद्राला लागून प्रसिद्ध वकील भुलाभाई देसाईंचा बंगला होता, तो कलावंतांसाठी खुला झाला होता. एका खोलीत हुसेन, कुठे प्रफुल्ला जोशी, म्हणजे पुढच्या प्रफुल्ला डहाणूकर, गच्चीवर अल्काझींची नाटकं, खाली रविशंकरांच्या संस्थेत सतारीचे वर्ग. आज कुणी अशी एक इमारत मुंबईत उभी करून दाखवावी! तिथे गायतोंडे तासन् तास समुद्राकडे बघत बसायचे, असं त्या वेळच्या बऱ्याच जणांनी सांगितलंय.

आणि गंमत बघा, १९६० ते ६३ च्या आसपासच्या चित्रांत समुद्र दिसतोसा वाटतो. कॅनव्हास आडवे आहेत. मध्ये कुठेतरी क्षितिजासारखा पट्टा. त्यावर तरंगणारे काही आकार, बोटी म्हणा, खडक म्हणा, धुकं म्हणा. म्हणजे माणूस गेला, पक्षी गेला, पण जागा अजून आहे. ‘इथे पाणी, तिथे आकाश’ असं म्हणायची सोय अजून आहे. ओळखीचं जग पूर्ण गेलेलं नाही, फक्त लांब गेलंय. चित्रांची नावं मात्र तोवर सुटलेली आहेत. ‘पेंटिंग नंबर अमुक’ एवढंच. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात त्यांचं १९६२ सालचं असंच एक चित्र आहे, त्याचं नाव ‘पेंटिंग, ४’.

हे १९६२ साल मी मुद्दाम सांगतोय. कारण एक लोकप्रिय कथा अशी आहे, की गायतोंडे अमेरिकेत गेले, तिथे मार्क रॉथको वगैरेंची चित्रं पाहिली आणि अमूर्त झाले. कथा सुटसुटीत आहे, पण तारखा तिला साथ देत नाहीत. १९६३ मध्ये अमेरिकन चित्रकार मॉरिस ग्रेव्हज भारतात आले होते. त्यांनी मुंबईत गायतोंडेंचं काम पाहिलं, आणि ते इतके भारावले की न्यूयॉर्कच्या विलर्ड गॅलरीला त्यांनी या चित्रकाराबद्दल पत्र लिहिलं. मग १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर गायतोंडे न्यूयॉर्कला गेले आणि १९६५ मध्ये विलर्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं. म्हणजे तिकडे जाण्याआधीच तिकडच्या माणसाला इथे येऊन जे आवडलं, ते तिकडे जाऊन शिकलेलं कसं असेल? न्यूयॉर्कनं त्यांना काहीच दिलं नाही असं मी म्हणत नाही. मोठे कॅनव्हास, त्या शहरातला चित्रांचा खच, हे सगळं डोळ्यांत भरलंच असणार. पण माणसं त्यांच्या चित्रातून न्यूयॉर्कमध्ये हरवली नाहीत. ती गिरगाव ते वॉर्डन रोड या प्रवासातच उतरून गेली होती.

परत आल्यावर काय झालं? साधारण १९६८ पासून कॅनव्हास उभे झाले.

ऐकायला किरकोळ वाटतं. आडवं उभं केलं, त्यात काय? पण करून बघा. मोबाइलमध्ये समुद्राचा आडवा फोटो काढा आणि मग उभा काढा. आडव्यात क्षितिज पसरतं, उभ्यात ते आखडतं. आडवा आकार म्हटला की डोळा आपोआप निसर्गदृश्य शोधतो, ती आपली सवय आहे. उभ्या आकारात ती सोय जाते. म्हणजे वॉर्डन रोडच्या चित्रांत क्षितिजाची जी शेवटची खुंटी उरली होती, तीही आता गेली. पहिल्यांदा गोष्ट गेली, मग आकृतीचं मांस, मग कड, मग नाव, आणि आता जागा.

याच काळात तंत्रातही एक नवीन गोष्ट आली. वर्तमानपत्रांचे, मासिकांचे कागद फाडून त्यांचे तुकडे रंगात दाबायचे आणि उचलायचे. कागदाबरोबर थोडा रंग निघून येतो आणि कॅनव्हासवर त्याचा ठसा राहतो. सत्तरच्या दशकातल्या चित्रांत ज्या खुणा दिसतात, एखाद्या विसरलेल्या लिपीसारख्या, त्यांतल्या बऱ्याच अशा आल्या आहेत. हातानं लिहिलेली ती अक्षरं नाहीत, उचलून घेतलेल्या रंगाची ती रिकामी जागा आहे. आणि यात निम्मं काम योगायोगाचं असतं. कागद कुठे किती रंग उचलेल ते आधी सांगता येत नाही. पण कुठे ठेवायचा, कधी थांबायचं, कुठला ठसा पुसून टाकायचा हे चित्रकारच ठरवतो. म्हणून लागायचा वेळ. वर्षाला पाच-सहा चित्रं, कधी त्याहून कमी. बाकी वेळ बघण्यात, बसण्यात, संगीत ऐकण्यात, वाचण्यात जायचा.

१९७२ मध्ये ते मुंबई सोडून दिल्लीला गेले, निजामुद्दीन ईस्टमधल्या एका बरसातीत. बरसाती म्हणजे दिल्लीतल्या घरांच्या गच्चीवरची खोली. एकटे राहायचे, लग्न केलं नाही. त्याआधी १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली होती. चित्रं मुंबईला पंडोल गॅलरीत यायची.

आता त्या शब्दाच्या भांडणाकडे येऊ. गायतोंडेंना कुणी ‘अमूर्त चित्रकार’ म्हटलेलं आवडायचं नाही. माझी चित्रं अमूर्त नाहीत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह आहेत, असं ते म्हणत. आपल्याला वाटेल, हे काय शब्दांचे खेळ! पण फरक आहे. इंग्रजी ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट’ या शब्दाच्या मुळाशी ओढून काढणं आहे. आधी काहीतरी होतं, त्यातून सार काढलं. समोर झाड होतं, त्याचं झाडपण तेवढं घेतलं. नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणजे झाड नव्हतंच. सुरुवातच रंगापासून. मराठीत आपण दोन्हीला ‘अमूर्त’ म्हणून मोकळे होतो, त्यामुळे हा वाद आपल्याकडे नीट झालाच नाही. गमतीची गोष्ट म्हणजे २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं गायतोंडेंचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं. आणि हे संग्रहालय १९३९ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचं नावच होतं ‘म्यूझियम ऑफ नॉन-ऑब्जेक्टिव्ह पेंटिंग’. बरोबर घरी गेले म्हणायचे.

पण मग माझी पंचाईत होते. मी गेला अर्धा तास तुम्हाला काय सांगतोय? एकेक गोष्ट काढत काढत हा माणूस इथवर आला. म्हणजे ओढून काढणंच झालं की ते! आणि तो स्वतः म्हणतो, छे, तसं नाही. कोण बरोबर?

मला वाटतं, कुठल्या काळाबद्दल बोलताय त्यावर हे अवलंबून आहे. साधारण साठ सालापर्यंतची चित्रं अमूर्तीकरणाचीच आहेत. नायिकेतून रंगाचा पट्टा, चेहऱ्यातून रेष, समुद्रातून आडवा थर. तिथे मूळ वस्तू आहे आणि तिचं आटणं आहे. पण उभ्या कॅनव्हासनंतर काढायला काही उरलंच नाही. तिथून पुढे चित्र सुरू होतं ते रोलरमधल्या रंगापासून, आणि खुणा येतात त्या फाटक्या कागदापासून. त्या चित्राला मागे वळून कुठल्या झाडाकडे नेताच येत नाही. गायतोंडे बोलले ते या दुसऱ्या काळाबद्दल, आणि त्या काळापुरतं त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. एवढंच, की कलावंत म्हातारपणी आपल्या आयुष्याबद्दल बोलतो तेव्हा तो शेवटचं पान पहिल्या पानाला चिकटवतो. इतिहास सांगणाऱ्यानं ते अलगद सोडवायचं असतं.

आणखी एक गोष्ट सोडवायला हवी. गायतोंडेंना संत करून टाकायची आपल्याकडे फार हौस आहे. त्याला आधार आहे, नाही असं नाही. झेनबद्दल त्यांचं वाचन होतं, रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती हे त्यांच्या जवळचे विषय. गिरगावालगत खेतवाडीत निसर्गदत्त महाराज असायचे. कोकणातले, बिड्यांचं दुकान चालवणारे, मराठीतून अद्वैत सांगणारे. त्यांच्याकडेही गायतोंडेंची ओढ होती. यावरून आपण झटकन म्हणतो, हा सगुणाकडून निर्गुणाकडे गेलेला साधक. मराठी माणसाला हे वाक्य फार जवळचं, लगेच डोळे मिटतात. पण मला त्यात एक खोट दिसते. असं म्हटलं की त्या रोलरचा, त्या खरवडण्याचा, वाळण्याची वाट बघण्याचा, फुकट गेलेल्या कॅनव्हासांचा हिशेबच द्यावा लागत नाही. मौनातून चित्र आलं, संपलं! मौनात बसणारी माणसं गिरगावात तेव्हा पुष्कळ होती. सगळ्यांना असं चित्र काढता आलं नाही.

१९८४ मध्ये दिल्लीत त्यांना अपघात झाला. मानेला मोठी दुखापत झाली. ती पुढे कायम थोडी कललेलीच राहिली. मोठ्या कॅनव्हासवर रोलर फिरवायला खांदा लागतो, मान लागते, तासन् तास उभं राहावं लागतं. ते बंद पडलं. मधल्या वर्षांत त्यांनी कागदावर शाईनं छोटी कामं केली. आणि इथे मला एक गोष्ट फार भिडते. या शाईच्या कामांत पुन्हा रेष येते! पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बाजूला ठेवलेली रेष. काळ्या शाईचे फटकारे, लिपीसारखे, सहीसारखे. पण ती रेष आता कशालाच कड घालत नाही. तिच्यातून चेहरा तयार होत नाही, पक्षी होत नाही. ज्या रेषेच्या भीतीनं ब्रश ठेवला, असं मी मघाशी म्हटलं, तीच रेष आता घरात मोकळी सोडलेली आहे, काही बिघडत नाही. म्हणजे माझं मघाचं अनुमान खरं असेल तर हत्याराचं काम तोवर झालेलं होतं.

त्यानंतर दशकाच्या अखेरीस ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले आणि नव्वदच्या दशकात थोडी चित्रं झाली. चित्रं का काढत नाही असं विचारलं तर, मनात काढतो, अशा अर्थाचं उत्तर ते देत. १० ऑगस्ट २००१ ला ते गेले. मराठी कलासमीक्षक ज्ञानेश्वर नाडकर्णींनी ललित कला अकादमीसाठी लिहिलेलं छोटं पुस्तक १९८३ चं. सामान्य मराठी वाचकापर्यंत मात्र हे नाव पोचलं ते खूप उशिरा, आणि पोचवलं ते लिलावाच्या हातोड्यानं.

तो आकडाही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही गूगल करालच. डिसेंबर २०१३ मध्ये ख्रिस्तीजनं मुंबईत पहिला लिलाव केला, तिथे त्यांचं १९७९ चं चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. दोन वर्षांनी दुसरं २९ कोटींवर गेलं, आणि पुढे आणखी वर. या आकड्यांचा राग करण्यात अर्थ नाही, पण त्यांनी एक नुकसान केलंय. लोक आता चित्रासमोर उभे राहून किंमत बघतात. लिलावाच्या कॅटलॉगांत एक ओळ मात्र मला आवडते. चित्राला नाव नसतं, ‘अनटायटल्ड’. आणि पुढे बऱ्याचदा लिहिलेलं असतं, मागच्या बाजूला देवनागरीत सही. पुढून बघणाऱ्यासाठी एकही ओळखीची खूण नाही, आणि मागे आपल्या लिपीत नाव.

आता बघायचं कसं, हे विचारणाऱ्यांसाठी. फोनवर बघू नका. फोन या चित्रांचा सत्यानाश करतो, कारण फोनमध्ये थर दिसत नाहीत, फक्त रंग दिसतो. दिल्लीला गेलात तर नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये चौकशी करा. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहात त्यांची चित्रं आहेत. होमी भाभांनी त्या काळात ही तरुण मंडळी विकत घेतली होती, शास्त्रज्ञाची नजर बघा! आणि चित्रासमोर सरळ उभं राहण्याआधी जरा बाजूला जा, भिंतीच्या जवळ, आणि तिरकं बघा. उजेड पृष्ठभागावरून घसरतो आणि कुठे पातं थांबलं, कुठे कागद उचलला, कुठे रोलरची कड लागली ते सगळं दिसतं. मग समोर या. तिथे पाच मिनिटं थांबा. मोजून पाच. पहिली दोन फार कंटाळवाणी जातात, तेवढी जाऊ द्या.

पुढच्या भागात प्रभाकर बरवे. तिथे उलटी गंमत आहे, वस्तू सगळ्या ओळखू येतात, पान, घड्याळ, पक्षी, आणि तरी चित्र काय म्हणतंय ते सांगता येत नाही. भेटू.